वैयक्तिक आर्ट थेरपीच्या पहिल्या भेटीत काय होते?

चित्रकला येत नसताना समुपदेशकांनी सुचवलेली आर्ट थेरपी (चित्र, रंग, माती अशा माध्यमांतून होणारा मानसोपचार) घ्यावी का आणि पहिल्या भेटीत नेमके काय होते, असे आपण विचारले आहे. चित्र काढता येण्याची काहीच गरज नाही. उलट ज्यांचा हात बसलेला असतो, त्यांनाच 'चांगले' काढण्याचा मोह आवरणे अनेकदा जड जाते.

सत्र साधारण 50 ते 60 मिनिटांचे असते. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ बोलण्यातच जातो: त्रास काय आहे, औषधे चालू आहेत का, गोपनीयता कुठवर पाळली जाईल आणि काढलेली चित्रे कोणाकडे राहतील. मग थेरपिस्ट तेलखडू, जलरंग, शाडू, मासिकांची कात्रणे असे साहित्य पुढे ठेवतात आणि निवड बहुधा आपल्यावर सोडतात. ही निवड क्षुल्लक नसते; पेन्सिल हाताच्या ताब्यात राहते, तर ओल्या कागदावर सोडलेला जलरंग मनाला येईल तसा पसरतो, म्हणून फार अस्वस्थ असलेल्या व्यक्तीला सुरुवातीला कोरडे, आवरता येणारे माध्यम सुचवले जाते. चित्र झाल्यावर "काळा रंग म्हणजे नैराश्य" असा निकाल चांगला थेरपिस्ट देत नाही (कोणी देत असेल तर थेरपिस्ट बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे); "ही रेघ इथेच का थांबली असेल?" अशा प्रश्नांतून अर्थ आपणच शोधायचा असतो. कागद कोरा राहिला तरी चालतो.

एखाद्या सत्रानंतर रडू येणे किंवा थकवा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ते काही दिवस टिकले, तर थेरपिस्टना जरूर सांगावे. चालू औषधे मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.