धूमकेतू सूर्याजवळून जाताना यानाला दिसतो, मग नागपुरात गच्चीवरून का दिसत नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत. धूमकेतू सूर्याला अगदी खेटून जाणार असेल त्या दिवशी तो नागपुरातल्या गच्चीवरून बायनॉक्युलरने दिसेल का? आणि सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानाला तो दिसत असेल, तर ते यान जळून कसं जात नाही?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण प्रश्न डोळ्यांचा आहे. दिसणार नाही, आणि कृपा करून प्रयत्नही करू नका. बायनॉक्युलरमधून सूर्य क्षणभर जरी डोळ्यात आला तरी दृष्टिपटल भाजतं, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत, त्यामुळे इजा झाल्याचं त्या वेळी कळतही नाही. पाण्याच्या टाकीच्या आड सूर्य लपवून बाजूचं आकाश बघण्याची युक्ती काही जण सांगतात. हात जरासा हलला की सूर्य समोर येतो. घरात मुलं असतील तर त्यांनाही हे आधीच बजावून ठेवा.

आता यान. ते सूर्याजवळ जातच नाही, म्हणून जळायचा प्रश्नच येत नाही. युरोप आणि अमेरिकेच्या अवकाश संस्थांनी मिळून 2 डिसेंबर 1995 ला सोडलेलं ‘सोहो’ हे यान आपल्यापासून साधारण 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला असतं. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर. म्हणजे वाटेचा शंभरावा भाग काय तो त्याने कापलाय. आपलं आदित्य-एल1 हेही 6 जानेवारी 2024 पासून याच भागात फिरतंय. तिथलं ऊन आपल्यापेक्षा किंचितच कडक आहे, पण तिथे हवा नाही आणि रात्रही होत नाही. दिवसा आपलं आकाश उजळतं ते हवेमुळे, आणि सूर्याशेजारची फिकट वस्तू त्या उजेडात बुडून जाते. सोहोच्या दुर्बिणीपुढे एक गोल तबकडी बसवलेली आहे. ती सूर्याचं बिंब झाकते, म्हणजे यानाला कायमचं खग्रास ग्रहणच. बिंब झाकलं की भोवतीचं प्रभामंडल म्हणजे सूर्याचं विरळ बाहेरचं वातावरण, तारे, ग्रह आणि तिथे आलेला धूमकेतू असं सगळं काळ्या आकाशावर उमटतं.

सूर्याजवळ धूमकेतू इतका तेजाळतो कशाने? बर्फाची थेट वाफ होते आणि ती धूळ घेऊन बाहेर उसळते, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त आवडतं. धूमकेतू आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आला, की त्याची धूळ सूर्याचा प्रकाश पुढे, आपल्याकडेच फेकते. संध्याकाळी उमरेड रोडने नागपूरकडे परतताना समोरच्या ट्रकमागची धूळ मावळत्या उन्हात कशी पेटल्यासारखी दिसते, आणि तीच धूळ पाठीमागे वळून पाहिली तर मळकट वाटते, तसंच हे आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलस हा धूमकेतू सोहोच्या चित्रांत झगझगला तो यामुळेच. तेव्हा तो सूर्यापासून निघून बऱ्यापैकी दूर आलेला होता.

पण जवळ जाऊन तो टिकेलच असं नाही. 16 डिसेंबर 2011 ला लव्हजॉय धूमकेतू सूर्याच्या पृष्ठभागापासून फक्त 1.4 लाख किलोमीटरवरून गेला. तो संपणार असं बहुतेकांनी धरलं होतं, आणि तो दुसऱ्या बाजूने बाहेर आला! गाभा मात्र पुढे काही दिवसांतच विखुरला. आयसॉन धूमकेतूचं उलट झालं. 28 नोव्हेंबर 2013 ला रात्री मी सोहोची चित्रं एकेक करून उघडत बसलो होतो. त्याची सूर्याशी सर्वांत जवळची वेळ आपल्याकडे मध्यरात्रीनंतर लगेचची होती. जाताना त्याचं डोकं ठसठशीत, शेपूट रेषेसारखी. तबकडीच्या पलीकडून बाहेर आला तो पंख्यासारखा पसरलेला धुरकट पट्टा, आणि पुढच्या चित्रांत तो विरत गेला. एवढ्या लांबून येऊन असा शेवट झाला, याचं मला खरंच वाईट वाटलं होतं.

लांबून बघण्याऐवजी धूमकेतूच्या सोबतच राहायचं ही दुसरी तऱ्हा. रोझेटा यान 2014 पासून 67पी या धूमकेतूबरोबर फिरत होतं आणि 13 ऑगस्ट 2015 ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ, 18.6 कोटी किलोमीटरवर आला तेव्हाही सोबत होतं. धुळीचे कण यानाच्या कॅमेऱ्यांना तारे वाटून दिशा चुकायची, म्हणून त्या दिवसांत त्याला 300 किलोमीटरहून जास्त लांब ठेवावं लागलं.

गच्चीवरून जे दिसत नाही ते तुम्ही मोबाइलवर बघू शकता. सोहोची ताजी चित्रं सगळ्यांसाठी खुली असतात. निळं चित्र उघडा. त्यात सूर्याच्या दोन्ही बाजूंना आठेक अंश आकाश येतं. मधला पांढरा गोल म्हणजे झाकलेल्या सूर्याचा आकार, आणि तबकडीपासून कडेपर्यंत गेलेली काळी पट्टी म्हणजे तबकडीला धरणारा दांडा. एखाद्या ठळक ठिपक्याला आडव्या सरळ रेषेचे पंख फुटलेले दिसले तर तो बहुधा ग्रह; तेज जास्त झालं की कॅमेऱ्याचं सेन्सर असं ओसंडतं. एकाच चित्रात चमकून पुढच्यात गायब होणारे ठिपके आणि रेघा अवकाशातल्या वेगवान कणांच्या असतात. तारे सगळे मिळून हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकतात. या सगळ्यांत जो ठिपका चार-पाच चित्रांत ताऱ्यांपेक्षा वेगळ्या वाटेने, पण एका रेषेत सूर्याकडे सरकताना दिसेल, त्याच्याकडे नीट बघा. सोहोच्या चित्रांत 5,000 हून जास्त धूमकेतू सापडलेत, आणि त्यांतले बहुतेक घरच्या कॉम्प्युटरवर अशीच चित्रं चाळणाऱ्या हौशी लोकांनी शोधलेत.

एखादा धूमकेतू सूर्यापासून सुटून संध्याकाळच्या आकाशात आला, तर सूर्य पूर्ण मावळल्यावर अंबाझरी तलावाच्या बांधावर जा. तिथून पश्चिमेला पाण्यावर मोकळं क्षितिज मिळतं, आणि बायनॉक्युलर तेव्हा बिनधास्त काढा.