पिशवी म्हणू नकोस

मुली,

तुझा मेसेज तीनदा वाचला. आरोग्य उपकेंद्रातल्या बैठकीत तू 'अंडाशय' म्हणालीस आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मागून एक म्हणाली, "म्याडम, अंडी कोंबडीला असत्यात." तू गांगरलीस आणि त्यांच्याच शब्दांवर आलीस: पिशवी, खालचं, अंगावरून जाणं. आता विचारतेस, बायकांच्या भाषेत बोलू की पुस्तकाच्या?

बायकांच्याच भाषेत बोल. पण अवयवाचं नाव घेऊन बोल. यात तडजोड नाही.

त्या बाईनं धडा तुझ्या हातात आयता दिला होता गं! कोंबडी कापताना पोटात लहान-मोठ्या पिवळ्या गोळ्यांचा घोस दिसतो, तो तिथल्या प्रत्येकीनं पाहिलेला आहे. ते कोंबडीचं अंडाशय. तिथूनच सुरुवात करायची. तुमच्याही पोटात अशी दोन आहेत, बदामाएवढी, गर्भाशयाच्या दोन बाजूंना. पुन्हा हसल्या तर हसू दे.

गर्भाशयाला पिशवी म्हणणं वाईट नाही, माझ्या आईच्याही तोंडी तोच होता. पण पिशवी म्हटली की सामान ठेवायची वस्तू डोळ्यांपुढे येते. पोरं झाली, पिशवी रिकामी झाली, आता ती असली काय नि नसली काय. 'पिशवी सडलीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल,' हे वाक्य त्या शब्दावरच खपतं. आणि पिशवीला शेजारपाजार नसतो. गर्भाशय म्हटलं की अंडं आणणाऱ्या नळ्या, म्हणजे अंडवाहिन्या येतात, अंडाशयं येतात, सगळं चित्र काढावं लागतं. पिशवी म्हटलं की चित्र काढायची गरजच उरत नाही.

तू चित्र काढ. उलट्या नासपतीसारखं गर्भाशय, जेमतेम मुठीएवढं, सात-आठ सेंटिमीटर लांब. ते पाहून बायका चकित होतात, त्यांच्या मनात ते पोटभर पसरलेलं असतं. मग सांग की पाळी इथून येते, पण तिचा हुकूम इथून सुटत नाही. मेंदूच्या तळाशी मटाराएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. तिच्याकडून एफएसएच नावाचं संप्रेरक, म्हणजे रक्तातून जाणारा निरोप, आलं की अंडाशयातल्या पुटिका, म्हणजे ज्यांत अंडं वाढतं ते बारीक फुगे, वाढायला लागतात आणि इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक बनवतात. त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. इस्ट्रोजेन पुरेसं चढलं की पीयूषिकेतून एलएच या आणखी एका संप्रेरकाची लाट येते आणि साधारण ३६ तासांत अंडं बाहेर पडतं. फुटलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो. गर्भ राहिला नाही तर दोनेक आठवड्यांत पीतपिंड सुकतो, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही घसरतात, अस्तर सुटतं. झाली पाळी. मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं पाणी जातं, तेही इस्ट्रोजेनमुळेच. वास नाही, खाज नाही, तर तो आजार नाही. 'अंगावरून पांढरं जातंय' एवढ्यावर मी बायका ऑपरेशनच्या टेबलावर गेलेल्या पाहिल्यात.

म्हणजे बघ, नुसतं गर्भाशय काढलं तर रक्त जायचं थांबतं, पण अंडाशयांचं काम चालू राहतं. सोबत दोन्ही अंडाशयं काढली तर एका रात्रीत रजोनिवृत्ती येते. चाळिशीच्या आत इस्ट्रोजेन गेलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. पिशवी या एका शब्दाखाली ही दोन्ही ऑपरेशनं एकच होऊन बसतात.

मी चोवीस वर्षांची होते. एका खासगी रुग्णालयात हंगामी सिस्टर. एकतीस वर्षांची ऊसतोड बाई पिशवी काढायला आली होती. पाळीच्या दिवसांत फडात गेलं नाही की खाडा, खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार, त्यापेक्षा कटकटच नको म्हणून. ट्रेमध्ये गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयं आली. पांढुरकी, सुरकुतलेली, मला तरी त्यांत काही दोष दिसला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "सिस्टर, पिशवीच काढली ना?" मी म्हणाले, "हो, पिशवीच."

खोटं बोलले का? त्या शब्दात सगळंच मावतं, हीच तर त्याची सोय. नऊ वर्षांनी ती मनगट मोडून आली. रात्रीचा घाम ऑपरेशनच्या महिन्यापासूनच होता म्हणाली, उष्णता समजून सब्जा खात होती. डॉक्टरांपुढे बोलायची तेव्हा माझी टाप नव्हती, घरी दोन धाकटी भावंडं शिकत होती. हे मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलेय. ते खरंही आहे. पण तिला अंडाशय हा शब्द सांगायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पेपरांनी मथळे छापले, 'पिशव्या'. मी पेपर चुरगाळून ठेवला. आता तूही तेच म्हणायला लागलीस, म्हणून हे पत्र असं तिखट झालंय. रागावू नकोस. किंवा रागाव, पण नाव घेऊन बोल.

पुढच्या बैठकीआधी एक काम कर. तुझ्या गावातल्या ज्यांची 'पिशवी काढलीय' त्यांच्या घरी जा आणि डिस्चार्ज कार्ड माग. रेशनकार्डाबरोबर कॅरीबॅगमध्ये गुंडाळून ठेवलेलं असतं. त्यावर 'टीएएच' आहे की 'टीएएच विथ बीएसओ', ते बघ. नुसतं टीएएच म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलंय. सोबत बीएसओ असेल तर दोन्ही अंडवाहिन्या आणि दोन्ही अंडाशयं गेलेली आहेत. ते त्या बाईला तिथेच वाचून दाखव आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात पाठव. कार्ड हरवलं असेल तर ऑपरेशनच्या वेळचं वय विचार, आणि रात्री घामानं उशी भिजते का ते विचार. पहिल्यांदा नाहीच म्हणतील. चहा होईपर्यंत बस.

तुझी,
सिस्टर