व्रण झाकायला टॅटू काढू का?

"हातावर जुने व्रण आहेत, त्यावर टॅटू काढला तर चालेल का?" हा प्रश्न हल्ली समुपदेशनात माझ्याकडे वरचेवर येतो. भाजल्याचे किंवा ऑपरेशनचे व्रण असलेले लोक सहसा थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जातात. माझ्याकडे येतात ते असे, ज्यांनी कधीकाळी सगळं असह्य झालं तेव्हा स्वतःलाच इजा करून घेतली होती. विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. म्हणून आधीच सांगते, व्रण झाकावेसे वाटण्यात काहीही गैर नाही. फक्त घाई नको, आणि कुणाच्या भीतीपोटी तर नकोच.

सायलीची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वय 24, माहेर सांगलीकडचं, नोकरी पुण्यात. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ. व्रण कॉलेजातल्या वाईट दिवसांतले. उपचार झाले होते, गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं बंद झाल्या होत्या, आणि 3 वर्षांत तिनं स्वतःला इजा केलेली नव्हती.

मग टॅटू आत्ताच का? तर सव्वा महिन्यावर मामेबहिणीचं लग्न आलं होतं. लांब बाह्यांचा ब्लाउज शिवता आला असता, पण बांगड्यांचं काय? कासार येणार, घड्याळ काढायला लावणार, पंजा दाबून एकेक हिरवी बांगडी चढवणार, आणि भोवती सगळ्या मावश्या-माम्या. "मॅडम, तो हात धरेल ना, तेव्हा सगळ्यांना दिसेल," हे सांगताना तिनं मनगट ओढणीत गुंडाळून घेतलं. आईची टॅटूला हरकत नव्हती, पण एक अट होती: स्वामींचं नाव काढ, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. घरात स्थळं बघणंही सुरू झालं होतं.

मी आधी विचारलं, स्वतःला इजा करावीशी शेवटची कधी वाटली आणि तेव्हा काय केलंस? टॅटू काढताना दुखतं. ज्याच्या मनातली ती ऊर्मी अजून ताजी आहे, त्याला त्या दुखण्याचीच ओढ लागू शकते. सायली म्हणाली, विचार अधूनमधून येतो, मग ती रूममेटला उठवते आणि दोघी खाली फिरायला जातात. हे ऐकून मला धीर आला.

दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. व्रण दिसला की लोक नजर वळवतात, टॅटू दिसला की हात धरून "याचा अर्थ काय?" विचारतात. म्हणून तिला आठवडाभर स्टिकरचा टॅटू लावून अर्ध्या बाह्यांत ऑफिसला जायला सांगितलं. कॅन्टीनमध्ये एका मैत्रिणीनं कौतुकानं मनगट जवळ घेतलं, आणि तिला खालच्या रेघा दिसल्या. सायली ताटावरून उठून गेली.

पुढच्या भेटीत आम्ही उत्तर तयार केलं: "जुनं आहे. तेव्हा मी आजारी होते, आता बरी आहे. यावर आत्ता बोलायचं नाही." सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, म्हणून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. माझ्या मते तिला टॅटूपेक्षा याची गरज जास्त होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी मनगटाआधी तिच्या कानाची भोकं आणि दंडावरची बीसीजीची खूण बघितली. तिथं कातडी गाठ धरून वाढली असेल, तर किलॉइडची, म्हणजे व्रण मूळ जखमेबाहेर गाठीसारखा वाढत जाण्याची, प्रवृत्ती असू शकते आणि टॅटूच्या सुईनं नवा किलॉइड उठू शकतो. तिला तो त्रास नव्हता, पण काही व्रण उंचावलेले होते. शाईनं रंग झाकला जातो, उंचवटा झाकला जात नाही. व्रणाच्या कातडीत शाई कुठे पसरते, कुठे धरतच नाही. व्रण पूर्ण मुरायला वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ लागतो. लालसर किंवा खाजणाऱ्या व्रणावर सुई लावू नये. तिला काही महिने सिलिकॉन जेल लावायला सांगितलं. म्हणजे लग्नाआधीचा टॅटू रद्द.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं मामीला विश्वासात घेतलं आणि सगळ्यांच्या आधी, आतल्या खोलीत बांगड्या भरून घेतल्या. तरी एका मावशीनं विचारलंच. सायलीनं ठरलेलं उत्तर दिलं. मावशी क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "बरं. जेवलीस का?"

टॅटू तिनं पुढच्या वर्षी काढला. व्रणांवर काम केलेला आर्टिस्ट शोधला, सीलबंद सुई डोळ्यांदेखत उघडायला लावली. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो, तेव्हा इथं भीड बाळगू नका. अक्षरांमधून रेघा दिसत राहतील असं आर्टिस्टनंच सांगितल्यामुळे स्वामींचं नाव मागे पडलं आणि मनगटावर नेच्याची दाट पानं आली. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी नियम वाचावेत, तिथं शरीराच्या ठरावीक भागांवरच टॅटू चालतो.

तुमच्या जखमा ताज्या असतील किंवा तो विचार पुन्हा येत असेल, तर टॅटूचं राहू द्या, आधी 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि स्थळाला सांगायचं का? सायलीच्या आईनं मला हे फोनवर विचारलं होतं. माझं मत असं की पत्रिका-फोटोबरोबर हे पाठवायचं नाही, पण होकार देण्याआधी मुलीनं स्वतः, फक्त त्या मुलाला सांगावं. टॅटूखाली दडवून संसार सुरू करू नये. आईला हे पटलं नाही. सायलीनं तरी सांगितलं, आणि तिकडून नकार आला. त्यानंतर आई भांडायच्या तयारीनंच माझ्याकडे आल्या आणि तासभर रडल्या. लेकीच्या त्या वाईट दिवसांत त्या रात्र रात्र तिच्या खोलीच्या दाराशी बसून असायच्या, आणि तुमचं कसं चाललंय हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता महिन्यातून एक वेळ त्यांची ठरलेली असते, सायलीशिवाय.