सोनाराने विचारलं, उंची किती?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, सप्रेम सलाम. आमच्या मंडळीत गेल्या महिन्यात निवासमंडपावर, म्हणजे मोशेच्या काळी वाळवंटात उभारलेल्या देवाच्या तंबूवर, प्रवचनं झाली. बाभळीचं लाकूड म्हणजे ख्रिस्ताचं मनुष्यपण, सोनं म्हणजे त्याचं देवपण, असा प्रत्येक खुंटीचा नि कडीचा अर्थ सांगितला. आतलं सामान वरून पाहिलं तर क्रूस दिसतो, असा तक्ताही दाखवला. मला फार बरं वाटलं. पण कॉलेजात जाणारा माझा मुलगा म्हणाला, "आई, हे सगळं नंतर चिकटवलंय. यहुद्यांच्या मंदिरात ख्रिस्त कुठून येणार? आणि असं मंदिर खरोखर होतं तरी का?" मला उत्तर सुचलं नाही. खरं काय?
– एक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर : ताई, सलाम. मुलाला रागावला नसाल अशी आशा आहे. त्याचा प्रश्न चांगला आहे.

मी हस्तकलेचा शिक्षक. संडे स्कूलसाठी निवासमंडपाची प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचे २५ ते २७ हे अध्याय मी पहिल्यांदा सुतारासारखे वाचले, हातात फूटपट्टी घेऊन. एका हाताला अर्धा इंच धरला. अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद. ते झालं ५० इंच बाय २५. मंडप ३० हात लांब, १० हात रुंद; तो १५ इंच बाय ५. कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, अडीच हात लांब आणि दीड हात रुंद; तो काडेपेटीहून लहान झाला. लाकूड गावाकडच्या मोडक्या बैलगाडीच्या चाकाचं वापरलं, बाभळीचंच. दीपवृक्ष, म्हणजे सात दिव्यांची ठाणवई, मात्र माझ्या हातून होईना. पितळेची तार घेऊन गुजरीतल्या एका सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, "उंची किती धरायची?"

तिथंच बाकावर बसून बायबल उघडलं. सहा फांद्या सापडल्या, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या सापडल्या, घडीव काम हवं हे सापडलं, एक किक्कार म्हणजे तीस किलोंहून जास्त सोनं सापडलं. उंची कुठेच नाही. याजकांच्या हातपाय धुण्याच्या गंगाळाचंही तेच. ते मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं केलं, एवढं ३८व्या अध्यायात आहे, माप नाही.

हे सांगतोय ते त्या क्रुसाच्या तक्त्यासाठी. मेज उत्तरेला, दीपवृक्ष दक्षिणेला, धूपवेदी पडद्यासमोर, इतकंच शास्त्रात आहे. कोणती वस्तू कोणापासून किती हातांवर, हे दिलेलं नाही. मी प्रतिकृतीत सामान हलवून पाहिलं. अंगणातल्या होमवेदीपासून कोशापर्यंतची उभी रेघ पंचवीस-तीस इंचांची होते आणि आडवी पाच इंचांच्या आत राहते, कारण मंडपाची रुंदीच तेवढी. क्रूस दिसतो, पण आपण तो पाहायचा ठरवलेला असतो म्हणून. मुलांना तो तक्ता मी दाखवत नाही.

लाकूड नि सोन्याचा अर्थही नव्या करारात कुठे सांगितलेला नाही. तो पुढच्या भक्तांनी लावला. प्रार्थनेत तो मनात आला तर काही बिघडत नाही, पण त्यावर विश्वासाची भिंत उभी करू नये. सीनायच्या वाळवंटात इमारती लाकडाचं झाड म्हणजे बाभूळच. जे हाताशी होतं ते देवानं मागितलं. मला हाच अर्थ जास्त जवळचा वाटतो.

आणि असे अर्थ लावायला ख्रिस्ती लोकांनीच सुरुवात केली असंही नाही, हे मुलाला जरूर सांगा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की सात दिवे म्हणजे सात ग्रह, मेजावरच्या बारा भाकरी म्हणजे बारा महिने. पडद्याचं तलम सणाचं (झाडाच्या धाग्याचं) सूत म्हणजे पृथ्वी, जांभळा रंग म्हणजे समुद्र (तो शिंपल्यातल्या जिवापासून निघायचा), निळा म्हणजे वायू, किरमिजी म्हणजे अग्नी. त्याच्या लेखी तो मंडप म्हणजे सगळं विश्व होतं. जाता जाता, किरमिजी हा आपला शब्द 'कृमिज' यातून आलाय, आणि त्या रंगाच्या मूळ हिब्रू नावातही किडाच आहे. भाषांतरकाराला हा शब्द सापडला तेव्हा किती आनंद झाला असेल!

आता मुलाच्या मुख्य मुद्द्याकडे. 'नंतर चिकटवलं' हे खुंट्यांबाबत मी मान्य करतो. पडद्याबाबत करत नाही.

दिशेचं महत्त्व कोल्हापूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला, म्हणून किरणोत्सवात मावळतीची किरणं आत गाभाऱ्यापर्यंत येतात. निवासमंडपाचं दार पूर्वेला आणि परमपवित्रस्थान, म्हणजे कोश ठेवलेली सर्वांत आतली खोली, पश्चिमेच्या टोकाला होतं. म्हणजे आत जाणारा माणूस उगवत्या सूर्याकडे पाठ करून पश्चिमेकडे चालायचा. आता उत्पत्तीचा ३रा अध्याय आठवा. आदाम आणि हव्वेला बाहेर काढल्यावर देवानं बागेच्या पूर्वेला करूब (पंखांचे राखणदार दूत) ठेवले, जीवनाच्या झाडाची वाट राखायला. त्या वाटेनं परत जायचं तर पूर्वेकडून पश्चिमेकडेच जावं लागणार. आणि मंडपात तसं चालत गेल्यावर समोर काय येतं? पडदा, आणि त्यावर करूब काढलेले. वाटेत डाव्या हाताला फांद्यांचं, फुलांचं, सोन्याचं झाड. मूळ शब्दाचा अर्थ नुसता दिव्याची ठाणवई असा आहे. आपल्या मराठी बायबलनं त्याला 'दीपवृक्ष' म्हटलं आणि ते झाड आपल्यापुढे उभं केलं.

हे मी बाहेरून आणून लावलेलं नाही, मोशेच्याच ग्रंथांत आहे. हरवलेल्या बागेच्या दारापर्यंत माणूस रोज जातो आणि दार बंदच असतं. पडद्याच्या आत वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकट्या मुख्य याजकानं रक्त घेऊन जायचं. उरलेल्या सगळ्या लोकांनी बाहेर थांबायचं. तुम्ही त्या गर्दीत, बाहेर, मूल कडेवर घेऊन उभ्या आहात असं क्षणभर समजा. मग मत्तयाचा २७वा अध्याय वाचा. येशूनं प्राण सोडला आणि त्या तंबूच्या जागी पुढे यरुशलेमात उभ्या राहिलेल्या मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. तंबूत ज्यावर करूब होते, त्याच पडद्याच्या जागेचा हा पडदा. इब्री लोकांस पत्राच्या १०व्या अध्यायात तर सरळ म्हटलंय की पडदा म्हणजे त्याचा देह. ताई, ही जागा वाचताना मला अजूनही मध्येच थांबावं लागतं.

अशा आणखी दोन जागा मराठी वाचकाच्या नजरेतून निसटतात, म्हणून सांगतो. रोमकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात ख्रिस्त आपलं प्रायश्चित्त आहे असं आपण वाचतो. तिथला ग्रीक शब्द 'हिलास्टेरिऑन'. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कोशाच्या सोन्याच्या झाकणाला, म्हणजे दयासनाला, हाच शब्द आहे. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या वाचकाला तिथं दयासन आठवायचं, आपल्याला आठवत नाही. दुसरी जागा योहान १:१४. शब्द देही झाला आणि त्यानं आमच्यामध्ये 'वस्ती केली'. मूळ क्रियापद तंबू ठोकण्याचं आहे. ऊसतोडीला आलेली माणसं आपल्याकडे शेताच्या कडेला पाल ठोकतात, तसं त्यानं आमच्यात पाल ठोकलं. निर्गमातल्या तंबूचीच ही आठवण आहे.

एक मात्र सांभाळा. तो तंबू यहुद्यांच्या लेखी कशाची तरी नुसती खूण नव्हता, देवाचं खरंखुरं घर होतं. पुण्यातलं लाल देऊळ, यहुद्यांचं प्रार्थनामंदिर, पाहायला गेलो होतो. त्याचं नाव ओहेल दाविद, म्हणजे दाविदाचा तंबू. नियमशास्त्राच्या गुंडाळ्या जिथं ठेवतात त्या कपाटाला आपले मराठी बोलणारे यहुदी, बेने इस्राएल, 'हेखाल' म्हणतात. मंदिरासाठीचा जुना हिब्रू शब्द तो हाच. यरुशलेमचं मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं, तरी ती नावं माणसांनी इथपर्यंत जपून आणली. त्यांच्या शेजारी बसून 'याचा खरा अर्थ फक्त आम्हालाच कळला' असं बोलण्याचं माझं धाडस नाही, आणि तशी इच्छाही नाही.

राहिला प्रश्न, असं काही होतं का. वाळवंटातल्या तंबूचे अवशेष मिळालेले नाहीत. पण इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या तेल अराद इथं, यहूदाच्या राज्यातल्या किल्ल्यात, १९६०च्या दशकात योहानान अहारोनी यांना एक छोटं मंदिर सापडलं. अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी, मग दालन, मग पश्चिमेला गाभारा. गाभाऱ्याच्या दाराशी दोन धूपवेद्या. त्यांवरच्या काळ्या थराची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली: एकीवर ऊद, दुसरीवर गांजा! निर्गमाच्या ३०व्या अध्यायातल्या धुपात ऊद आहे, गांजा नाही. हे वाचून तुमचा मुलगा नक्की आणखी दहा प्रश्न विचारील. विचारू द्या.

सोनारकाकांनी शेवटी दीपवृक्ष अडीच इंचांचा केला, मेजापेक्षा उंच, म्हणाले, "दिवा खाली ठेवत नाहीत." प्रतिकृती आमच्या संडे स्कूलच्या खोलीत आहे. रविवारी उपासनेनंतर मुलाला घेऊन या. छत काढता येतं. पडदा मी एकाच कापडाचा शिवलाय, फाडलेला नाही. तो बाजूला सारून आत पाहायचं काम त्याला करू दे.