ऑलिव्ह लावण्याआधी घाण्याचा हिशेब

ऑलिव्ह जिथे नव्याने रुजतो आहे, अशा देशांत बागेत पैसे घालू पाहणारे वाचक सतत विचारणा करतात. प्रत्येकाकडे झाडांचा हिशेब असतो, घाण्याचा मात्र नसतो. त्यातले काही प्रश्न इथे घेतो.

प्रश्न: उत्पन्न किती वर्षांनी सुरू होते?

दाट लागवडीत तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरते. पूर्ण उत्पन्नाला सात-आठ वर्षे धरा.

प्रश्न: लिटरभर तेलाला किती फळ लागते?

साधारण पाच ते सात किलो. तुमच्या फळाचा उतारा, म्हणजे फळातून निघणाऱ्या तेलाचे प्रमाण, प्रयोगशाळेतूनच काढून घ्या.

प्रश्न: रोपे विकणारा म्हणतो, ऑलिव्ह उष्ण भागात कुठेही येतो. खरे आहे का?

झाड जगेल. मोहोराला हिवाळ्यातली थंडी लागते, हे तो सांगणार नाही. फळ आले तरी उष्म्याचा फटका तेलाला बसतो. अर्जेंटिनात कातामार्का आणि ला रिओहा प्रांतांत 'आर्बेकिना' जातीच्या तेलात ओलेइक आम्ल, म्हणजे ऑलिव्ह तेलातले मुख्य मेदाम्ल, 55 टक्क्यांच्या खाली गेलेले आढळते, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या मानकाची किमान मर्यादाच बराच काळ 55 होती. तेल अस्सल, तरी मानकात नापास! तशाच हवामानातल्या जुन्या बागेचे आकडे मागा आणि स्वतंत्र फलोत्पादनतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न: सुरुवातीला घाणा न घालता फळ साठवून आठवड्यातून एकदा दूरच्या घाण्यावर पाठवले, तर खर्च वाचेल ना?

नाही, कमाईच जाईल. गोणीत किंवा ढिगात ठेवलेल्या फळात हात घालून पाहा, आतून गरम लागते. तिथे आंबणे सुरू झालेले असते. तेलाची आम्लता, म्हणजे मोकळ्या मेदाम्लांचे प्रमाण, 0.8 टक्क्याच्या वर गेली, किंवा चवीत एक जरी दोष ठरला, की 'एक्स्ट्रा व्हर्जिन' हा सर्वांत वरचा दर्जा गेला. रिफाइन करून वास जातो, पण मग स्पेन, ट्युनिशियाच्या स्वस्त तेलाशी भावात झुंजावे लागते. नव्या देशात मजुरी, यंत्रे, सल्ला सगळेच महाग. ताजेपणाला मिळणारा जादा भाव हीच तिथली खरी मिळकत, आणि ती तोडणी ते घाणा या चोवीस तासांत ठरते.

घाणा महाग पडतो, हे खरेच आहे. तो वर्षातले थोडेच आठवडे चालतो, व्याज मात्र बारा महिने लागते. म्हणून शेजारच्या बागायतदारांबरोबर भागीदारीत घाला. लवकर आणि उशिरा पिकणाऱ्या जाती मिसळून लावा, म्हणजे हंगाम लांबतो. क्षमता वर्षाच्या एकूण फळावर मोजू नका. तोडणीच्या सर्वांत भरगच्च दिवशी किती फळ येईल, त्यावर मोजा. ऑलिव्ह एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो, म्हणून कर्जाचा हप्ता कमी फळाच्या वर्षी झेपेल एवढाच घ्या. फळ गोणीत भरू नका, हवा खेळणाऱ्या क्रेटमध्ये भरा. आणि उतारा वाढावा म्हणून दळलेल्या फळाचा लगदा 27 अंश सेल्सिअसच्या वर तापवायला सांगणाऱ्याचे ऐकू नका; चार थेंब जास्त मिळतील, सुगंध जाईल. आराखडा घाण्याच्या अभियंत्याकडून तपासून घ्या, तोही रोपे मागवण्याआधी.

प्रश्न: 2024 चा भाव धरून हिशेब मांडू का?

अजिबात नको. स्पेनमधल्या दुष्काळाने तेव्हा भाव टनाला 9,000 युरोच्या आसपास गेला होता. पुढच्याच वर्षी तो निम्म्याखाली आला.

प्रश्न: करसवलतीची मुदत संपत आली आहे, लगेच सही करा, असे एजंट म्हणतो.

ऑस्ट्रेलियात करसवलतीच्या जोरावर ऑलिव्ह बागांसाठी पैसे गोळा करणारी टिंबरकॉर्प 2009 मध्ये कोसळली आणि हजारो गुंतवणूकदार अडकले. घाई एजंटाला आहे. करार आधी वकिलाला आणि लेखापालाला दाखवा.