बायको शेजारणीला सगळं सांगते, पण फेसबुकवर स्वतःचा फोटोही ठेवत नाही. माझं नेमकं उलट. असं का?

आमच्या घरात पण हेच आहे, म्हणून लिहितेय.

मी डोंबिवली-दादर लेडीज डब्यातून जाते, बारा वर्षं झाली. तिथे मटार सोलता सोलता एकीचं गर्भाशयाचं ऑपरेशन, दुसरीच्या नवऱ्याचे थकलेले हप्ते, तिसरीची सासू, सगळं सगळ्यांना माहीत असतं. आणि त्याच बायकांचं व्हॉट्सअ‍ॅप उघडा, डीपीला गणपती नाहीतर जास्वंद, लास्ट सीन बंद! आमच्या ह्यांना बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या ते सख्ख्या भावाला दोन वर्षं सांगितलं नाही, पण फेसबुकवर प्लॉटच्या जाहिरातीखाली 'इंटरेस्टेड' लिहून मोबाईल नंबर टाकून मोकळे, नवीन गाडीचा हार घातलेला फोटो तर नंबर प्लेटसकट.

बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणतात ना, ते तितकंसं खरं नाहीये. १९९२ मध्ये डिंडिया आणि अ‍ॅलन या दोन संशोधकांनी २०५ अभ्यास एकत्र करून बघितले, तर बायका स्वतःबद्दल जास्त सांगतात हे निघालं पण फरक अगदी थोडा, आणि ऐकणारी बाई असेल तर तो जास्त दिसतो, पुरुष असेल तर कमी. म्हणजे समोर कोण बसलंय त्यावर बरंच आहे. डब्यात ते दिसतं हो, ऑनलाइन कुठे दिसतं?

२०१७ ला बातमी आली होती, उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानातून मुलींचे नंबर ५० ते ५०० रुपयांना विकत होते, नंबर कोणाचा आणि दिसायला कशी त्यावर भाव. त्याच वर्षी फेसबुकने प्रोफाइल फोटो कोणी डाउनलोड करू नये म्हणून गार्ड आणलं, तेही आधी भारतात, कारण इथल्या बऱ्याच बायका फोटोच ठेवत नव्हत्या.

माझंच सांगते. जुना फ्रिज विकायचा होता म्हणून माझ्या नावाने, माझ्या नंबरने जाहिरात टाकली. संध्याकाळपर्यंत 'हाय', 'हॅलो', 'डीपी छान आहे', एकाने तर रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल केला, फ्रिजचं कोणी विचारेना. दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात ह्यांच्या नंबरने टाकली. पहिलाच मेसेज, 'किती लिटरचा आहे, कॉम्प्रेसर बदललाय का?'