आमच्या गावात 'गिरजाघर' नावाच्या इमारतीत चार बिऱ्हाडं राहतात. ती खरंच चर्च होती का? आणि चर्चची घरं कशी झाली?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याशी मी अडखळलो. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या जमिनीला टेकलेल्या आहेत आणि गुडघ्याच्या थोड्या वर टोकदार होऊन संपतात, असं तुम्ही लिहिलंय. मला तेवढं पुरे. खालून निघालेल्या एका उंच खिडकीचं ते कपाळ आहे. मधे कुणीतरी माळा टाकला आणि एक खिडकी दोन बिऱ्हाडांत वाटली गेली. कापसाच्या गोदामाला किंवा मालगुजाराच्या वाड्याला अशी खिडकी कोण कशाला ठेवील? तेव्हा हो, चर्चच असणार.

हे इतक्या खात्रीने सांगतोय कारण सहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत मी अशाच एका इमारतीत वाढलो. वर्धा जिल्ह्यात, नागपूर-बडनेरा रेल्वेलाइनवरच्या एका गावात. वडील एसटीत कंडक्टर होते आणि भाडं परवडणारं होतं, एवढंच कारण. ख्रिस्ती आम्ही नव्हतो, चारही बिऱ्हाडांत कुणीच नव्हतं. तरी पत्ता सांगताना सगळे 'गिरजाघर, वरचा मजला' असंच सांगायचो आणि पोस्टमनला ते कळायचं.

मूळची ती एकच खोली. साधारण पन्नास फूट लांब, बावीस फूट रुंद, भिंती चौदा फुटांच्या, वर सागवानी कैच्या (छपराला पेलणारे लाकडी सांगाडे) आणि कवेलू, म्हणजे कौलं. आठ फुटांवर माळा टाकून आणि मधे विटांची भिंत घालून तिची चार घरं केलेली. हिशेब करा, वरच्यांच्या वाट्याला भिंतीची उंची सहाच फूट आली. पुढे छपराचा उतार. म्हणजे कैचीची आडवी तुळई बरोबर मोठ्या माणसाच्या कपाळाशी. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने त्या तुळईला एकदा तरी कपाळ दिलंय. आईने तिला लाल फडकं बांधून ठेवलं होतं, रस्त्यावरच्या खड्ड्याला बांधतात तसं. मी मात्र त्या बुटक्या खिडकीशी पालथा पडून अभ्यास करायचो, त्याहून चांगली जागा मला पुढे कुठल्याच घरात मिळाली नाही.

मधली भिंत छपरापर्यंत गेलेलीच नव्हती, कैचीखालीच थांबलेली. त्यामुळे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आमची आई मोजायची. उपदेश शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावा म्हणून बांधलेली खोली ती, कुजबुजसुद्धा पोचवायची. खाली एका टोकाला हातभर उंच चौथरा होता, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, उभे राहायचे तो. तो खालच्या काकूंच्या स्वयंपाकघरात आला. त्यांनी त्याचा ओटा केला. एक लांब बाक व्हरांड्यात उरला होता, त्यावर उन्हाळ्यात कुरड्या आणि सरगुंडे वाळायचे. चप्पल घालून आत पळालो की याच काकू ओरडायच्या, "पोट्टेहो, देवाचं घर हाय ते, चपला घालून नोका धावू!" ओट्यावर भाकरी थापता थापता.

आता चर्च रिकामं का झालं. लोक पटकन म्हणतात, 'मिशनवाले गेले, माणसं उरली नाहीत.' आमच्याकडे माणसं होती. रविवारी उपासना व्हायची, फक्त दुसऱ्या इमारतीत. हे समजायला थोडं मागे जावं लागतं, पार स्कॉटलंडपर्यंत.

तिथे 1843 मध्ये राष्ट्रीय चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावच्या जमीनदाराने आपल्या मर्जीचा पाळक मंडळीवर, म्हणजे चर्चच्या लोकांवर, लादावा की नाही, यावरून भांडण. सुमारे एक तृतीयांश पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. जुनं चर्च हातचं गेलं, म्हणून गावोगाव स्वतःची नवी, साधी चर्चं बांधली. याच फ्री चर्चने पाठवलेले स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. तेव्हा इथे अजून भोसल्यांचं राज्य होतं, ते इंग्रजांनी 1854 मध्ये खालसा केलं. हिस्लॉप म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते. गडी धर्मोपदेशक होता पण दगडांचा भारी नाद, विदर्भाच्या भूगर्भावर त्यांनी केलेलं काम आजही मानलं जातं. नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं (प्राचीन काळी मांडलेली दगडांची वर्तुळं) पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात 1863 मध्ये ते बुडाले. त्यांच्या मागून आलेल्या स्कॉटिश मिशनने नागपूर, वर्धा, भंडारा या पट्ट्यात शाळा, दवाखाने आणि अशी एका खोलीची चर्चं उभी केली.

दुसरीकडे रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली आणि तिच्याबरोबर साहेब लोक आले. ते इंग्लंडच्या चर्चचे, म्हणजे अँग्लिकन. त्यांचा बिशप वेगळा, उपासनेची रीत वेगळी, इमारतही वेगळी. आमच्यासारख्या दहा हजार वस्तीच्या गावात म्हणून दोन चर्चं झाली, स्टेशनजवळ साहेबांचं आणि गावाकडे मिशनचं.

मग 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. स्कॉटिश मिशनची परंपराही त्यात आली आणि अँग्लिकनही. आमच्या गावात दोन मंडळ्यांची एक मंडळी झाली. एका मंडळीला दोन इमारती कशाला? स्टेशनजवळची दगडी होती, बांधून काढलेलं आवार होतं, ती ठेवली. गावातली कवेलूची भाड्याने दिली. स्कॉटलंडमध्येही हेच घडलंय. तिथली फुटलेली चर्चं 1929 मध्ये बहुतांश पुन्हा एक झाली आणि एकेका खेड्यात दोन-दोन इमारती उरल्या. जास्तीची कुठे हॉल झाली, कुठे गोदाम, कुठे फ्लॅट. आमचं गिरजाघर भांडणामुळे बांधलं गेलं आणि समेटामुळे रिकामं पडलं, असं माझं मत आहे. तुमच्याकडे कारण वेगळं असू शकेल, पण गावात दुसरं चर्च आहे का ते आधी बघा.

विकलं का नाही, भाड्यानेच का? कारण विकणं सोपं नाही. चर्चची मालमत्ता सार्वजनिक न्यासाची असेल तर 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायलाही लागते. महिन्याच्या पावतीवर भाडेकरू ठेवणं त्यामानाने सोपं. आणि विदर्भात एकदा भाडेकरू आला की आला! 1949 चा सी.पी. अँड बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) भाडेनियंत्रण आदेश इथे 1999 चा महाराष्ट्र कायदा लागू होईपर्यंत चालू होता. त्यात घरमालकाला नोटीस द्यायलाही आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. 'दोन-चार वर्षांसाठी' म्हणून दिलेल्या खोल्यांत माणसांच्या पिढ्या गेल्या.

इमारतीबद्दल एक सांगतो, कारण तुमच्याकडेही भिंतींना भेगा आहेत असं लिहिलंय. आमच्याकडे भेगा फक्त नव्या भिंतीला पडायच्या. जुन्यांनी काळी माती खणून खाली मुरूम लागेपर्यंत पाया नेला होता. मधली भिंत घालणाऱ्याने ती फरशीवरच उभी केली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याबरोबर ती भिंत दरवर्षी उसवायची. आणि जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. आमच्या खालच्या घरात ते केलं. आतला ओलावा अडकला आणि दोन पावसाळ्यांत कमरेपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीतला खार, चढला.

कागद शोधायचे तर आधी भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असेल तर पट्टा कुणाच्या नावे होता ते तिथेच दिसेल. न्यासाची नोंद धर्मादाय कार्यालयात मिळते. 'शाळागृह' असा शब्द दिसला तर निराश होऊ नका, मिशनच्या एकाच खोलीत अनेकदा आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना चालायची. त्याहून पक्का पुरावा लग्नाच्या रजिस्टरात असतो. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्नांची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. जवळच्या मंडळीच्या पाळकांना भेटून विनंती करा, दाखवतात. वर्धा जिल्ह्यासाठी 1906 चं गॅझेटिअर बघा. मिशनचा जुना पत्रव्यवहार एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, पण तिथवर जायची वेळ येऊ नये.

दिशेवर मात्र विसंबू नका. वेदी पूर्वेला हवी ही रीत अँग्लिकन आणि कॅथलिकांची, स्कॉटिश मिशनवाले त्याबाबत फारसे काटेकोर नव्हते. आमचा चौथरा दक्षिणेला होता.

आणि मुख्य दाराच्या कमानीवर चौकोनी खळगा आहे का ते बघून इथे लिहा. आमच्याकडे होता, साधारण दोन फूट बाय दीड फूट, आत नुसता चुना. तेवढ्याच मापाचा एक गुळगुळीत दगड मागच्या न्हाणीत कपडे धुवायला पालथा घातलेला होता. आम्ही दहा वर्षं त्यावर कपडे आपटले, उलटून कधी पाहिला नाही.